बांधावरची केबल

सिस्टरांचा फोन आला तेव्हा मी रुग्णालयाच्या सर्व्हर रूममध्ये जमिनीवर बसून जुन्या केबलींच्या वळकट्या करत होते. रात्रीचे बारा चाळीस झाले होते. माझ्या लेखी काम संपलं होतं. रॅकवर दोन नवे नेटवर्क स्विच चढले होते आणि दोन्ही होस्टच्या, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्या मोठ्या यंत्रांच्या, केबली जुन्या स्विचमधून निघून नव्यात बसल्या होत्या. सगळे दिवे हिरवे होते. माझ्या लॅपटॉपवरून नोंदणीचा सर्व्हर उघडत होता, औषध विभागाचा उघडत होता, आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला तो एक्स-रेच्या प्रतिमांचा नवा सर्व्हरही चालू झाला होता.

“मॅडम, माझ्या काउंटरवर नोंदणी होतेय, पण लॅबचे रिपोर्ट उघडत नाहीत,” सिस्टर म्हणाल्या. “आणि शेजारच्या काउंटरवर रिपोर्ट दिसतायत, तर नोंदणी होत नाही. दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर आहेत. असं कसं?”

वीस वर्षांत मी नेटवर्कच्या पुष्कळ तक्रारी ऐकल्या आहेत. बहुतेक वेळा माणसं ‘नेट गेलं’ एवढंच म्हणतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. या बाईंनी मात्र काय चालतं, काय चालत नाही आणि कुठून, हे तीन वाक्यांत सांगितलं होतं. त्या तीन वाक्यांत जवळजवळ पूर्ण निदान होतं. ते माझ्या ध्यानात यायला पुढे दीड तास गेला.

थोडं मागे जाऊन सांगते. जिल्ह्याच्या गावातलं हे मध्यम आकाराचं रुग्णालय आहे. त्याचे सगळे सर्व्हर दोन मोठ्या यंत्रांवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, म्हणून चालतात. नोंदणी, लॅब, औषधं, बिलं हे सगळे एकाच लोखंडी पेटीत राहणारे भाडेकरू. त्यांना आपापलं घर स्वतंत्र वाटतं, प्रत्येकाला आपलं नेटवर्क कार्ड आणि आपला मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा ओळखक्रमांक, असतो, पण त्या कार्डामागे तांब्याची किंवा काचेची तार नसते. कार्ड आभासी, ते ज्यात खोचलेलं असतं तो स्विचही आभासी. दोन व्हीएम एकाच होस्टच्या एकाच आभासी स्विचवर, एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच कप्प्यात, असतील तर त्यांचं आपसातलं बोलणं त्या पेटीबाहेर पडतच नाही. खऱ्या जगात जायचं झालं की मात्र सगळ्यांना एकाच दारातून जावं लागतं. होस्टच्या पाठीवरची ती खरी पोर्टं आणि त्यांतून निघालेल्या खऱ्या केबली, म्हणजे अपलिंक.

आमच्या प्रत्येक होस्टला व्हीएमच्या वाहतुकीसाठी असे दोन अपलिंक होते. होस्टच्या व्यवस्थापनाचं नेटवर्क वेगळ्या केबलींवर होतं. पूर्वी दोन्ही अपलिंक एकाच स्विचमध्ये जात आणि त्यांचा वेग १ गिगाबिटचा होता. आता दोन वेगळे स्विच, एक केबल याच्यात आणि एक त्याच्यात, वेग १० गिगाबिट. हेतू चांगला होता. एक स्विच बंद पडला तरी दुसऱ्यावरून रुग्णालय चालत राहील.

फोन ठेवला आणि मी लॅबच्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का’ अशी हाक दिली. उत्तर नाही. नोंदणीचा सर्व्हर मात्र लगेच बोलला. म्हणजे लॅबचा सर्व्हर गेला, असं धरून मी त्याच्या कन्सोलवर गेले. कन्सोल, म्हणजे व्हीएमचा थेट पडदा, तिच्या नेटवर्कवर अवलंबून नसतो, त्यामुळे अशा वेळी तेवढी एक खिडकी उघडी राहते. आतून गेटवेला, म्हणजे एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जाण्याच्या वेशीला, पिंग केलं तर उत्तर आलं. सर्व्हर धडधाकट होता. मग नोंदणीच्या सर्व्हरच्या कन्सोलवर गेले, निव्वळ तुलनेसाठी. तिथून गेटवेला पिंग केलं आणि उत्तर आलं नाही.

इथे माझं डोकं थांबलं. जो सर्व्हर मला दिसत होता, त्याला गेटवे दिसत नव्हता. आणि मी होते गेटवेच्या पलीकडे, दुसऱ्या व्हीलॅनमध्ये. वेशीपर्यंत जाता न येणारा माणूस वेशीपलीकडच्या माझ्याशी निवांत गप्पा मारत होता.

अशा क्षणी हात रीस्टार्टकडे जातो. माझाही गेला. गावोगावच्या सर्व्हर रूममध्ये हीच रीत आहे, आणि ती का टिकून आहे हेही मला कळतं, कारण ती अधूनमधून लागू पडते. आमच्या व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर व्हीएमवेअरचं. त्याच्या आभासी स्विचची मूळ पद्धत अशी की प्रत्येक व्हीएमला एक आभासी पोर्ट मिळतं, आणि त्या पोर्टच्या क्रमांकावरून तिचा अपलिंक ठरतो. एकदा ठरला की ती व्हीएम त्याच अपलिंकवरून जाते. दोनपैकी एका अपलिंकची पलीकडची बाजू बिघडलेली असेल तर त्याच्या वाट्याला आलेल्या व्हीएम मुक्या होतात, बाकीच्या मजेत असतात. आता मुकी व्हीएम पूर्ण बंद करून चालू केली, की तिला नवं पोर्ट मिळू शकतं, त्याबरोबर अपलिंक बदलू शकतो, आणि ती बोलायला लागते. आतली विंडोज नुसती रीस्टार्ट केली तर पोर्ट तेच राहतं आणि काही फरक पडत नाही. म्हणून कधी जमतं, कधी जमत नाही. ज्याला जमलं तो ‘झालं ठीक’ म्हणून घरी जातो आणि बिघडलेला अपलिंक तसाच राहतो, पुढच्या व्हीएमची वाट बघत. या सवयीचा मला मनापासून राग आहे. बिघाड समोर उभा असतो, आपली ओळख द्यायला तयार असतो, आणि आपण त्याला हाकलून देतो.

त्या रात्री मी रीस्टार्ट केलं नाही, आणि तसंही ते लागू पडलं नसतं.

नेटवर्कचं काम दुसऱ्या एका कंपनीकडे होतं. त्यांचा इंजिनिअर, पंचविशीतला मुलगा, पुण्याहून दुरून स्विच सांभाळत होता. त्याला फोन लावला.

“मॅडम, माझ्याकडून सगळं अप आहे,” तो म्हणाला. “दोन्ही स्विच, चारही पोर्ट. एकही एरर नाही.”

“माझ्याकडूनही सगळं हिरवं आहे,” मी म्हटलं.

आम्ही दोघंही खरं बोलत होतो. लिंक अप असणं म्हणजे एवढंच, की केबलच्या दोन टोकांना एकमेकांची चाहूल लागते आहे. त्या केबलमधून कोणाचा माल जाऊ द्यायचा आणि कोणाचा नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर दिव्यात नसतं. आमच्या होस्टला अपलिंक मेला की जिवंत हे ओळखायला फक्त लिंकची अवस्था बघायला सांगितलेलं होतं. बहुतेक ठिकाणी तसंच असतं. त्यामुळे पलीकडे आपला माल फेकून दिला जात असला तरी होस्ट त्याच दारातून तो पाठवत राहतो. होस्टच्या व्यवस्थापनाचं नेटवर्क आपल्याच बदलाने तुटलं तर तो बदल आपोआप मागे घेण्याची सोय व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर ५.१ या आवृत्तीपासून आहे. व्हीएमच्या वाहतुकीसाठी असा कोणी राखणदार नाही.

मुलगा घाबरला होता, ते आवाजात कळत होतं. बदल त्याने केला होता आणि रात्रपाळीच्या माणसांचे फोन आता त्याच्या साहेबांपर्यंत पोचायला लागले होते. त्याने दोनदा विचारलं, “परत जुन्या स्विचवर घेऊ का?” तोही मार्ग होता. पण जुन्या केबली मी काढून वळल्या होत्या, जुन्या स्विचची वीज बंद होती, आणि परत फिरवायला तास लागला असता. मी त्याला म्हटलं, “थांब जरा. मी खाली काउंटरवर जाऊन येते.”

पहारेकरी काकांनी बाह्यरुग्ण विभागाचं दार उघडून दिलं. दोन काउंटर, दोन पडदे, मध्ये एक स्टेपलर. सिस्टरांनी तोवर स्वतःची सोय केली होती. नोंदणी पहिल्या काउंटरवर करायची, रिपोर्ट दुसऱ्यावर बघायचा, आणि रिपोर्टमधले आकडे कागदावर उतरवून वॉर्डात पाठवायचे. एक वॉर्डबॉय तो कागद घेऊन जिना चढत होता. कागदावर कोणाचं तरी पोटॅशियम होतं. त्याला जिना चढताना पाहिलं आणि हे प्रकरण माझ्यासाठी नेटवर्कचं राहिलं नाही.

सिस्टरांकडून एक कोरा केसपेपर घेतला आणि त्याच्या मागे तक्ता काढला. पहिल्या काउंटरचा आयपी पत्ता शेवटी ११४, दुसऱ्याचा ११५. नोंदणीचा सर्व्हर शेवटी ५०, लॅबचा ५१. मग वॉर्डातल्या तीन कॉम्प्युटरवरून फोनवर विचारून घेतलं आणि प्रत्येकाचा शेवटचा आकडा लिहिला. ५० ला ११४ चालतो, ११५ नाही. ५१ ला ११५ चालतो, ११४ नाही. वॉर्डातला १२२ पहिल्यासारखा. १३७ दुसऱ्यासारखा. औषध विभागाचा सर्व्हर ५२, तो १२२ ला चालतो. गेटवेचा पत्ता शेवटी १, आणि तो ५० ला दिसत नाही, ५१ ला दिसतो.

समाला सम चालतो, विषमाला विषम. जोडी मिसळली की बंद.

माझ्या लॅपटॉपचा पत्ता शेवटी २०० होता. मी तपासलेले नोंदणी आणि औषधांचे सर्व्हर, दोघेही सम. म्हणून सगळं हिरवं दिसलं होतं.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. “मॅडम, लॉगमध्ये एक दिसतंय. एक मॅक पत्ता सारखा इकडून तिकडे उडतोय. कधी होस्टच्या पोर्टवर दिसतो, कधी दुसऱ्या स्विचकडून येतो. पण हा व्हीलॅन ४० मधला आहे, तुमच्या एक्स-रेचा. आणि तो तर चालतोय ना?”

“सुरुवात काय आहे मॅकची?”

“शून्य शून्य, पन्नास, छप्पन्न.”

ती व्हीएमवेअरच्या आभासी कार्डांची खूण. म्हणजे आमचीच व्हीएम, आणि ती एकाच वेळी दोन्ही अपलिंकवरून बोलत होती. एका पोर्टला एक अपलिंक या मूळ पद्धतीत असं कधी होत नाही. आमच्यासारख्या मांडणीत व्हीएम दोन्ही दारांतून ये-जा करते ती एकाच पद्धतीत, आयपी हॅशमध्ये. आणि आयपी हॅश म्हटल्याबरोबर माझ्या हातातला केसपेपर वाचता आला.

या पद्धतीत होस्ट माहितीच्या प्रत्येक पाकिटाच्या दोन्ही टोकांचे पत्ते घेतो, त्यांचा एक्सॉर काढतो (बिटाला बिट ताडायचा, वेगळे तिथे एक, सारखे तिथे शून्य), आणि अपलिंकच्या संख्येने भागून उरेल त्या क्रमांकाच्या अपलिंकवरून पाकीट पाठवतो. अपलिंक दोन असले की प्रश्न उरतो तो फक्त शेवटच्या बिटचा. दोन्ही पत्ते सम किंवा दोन्ही विषम, तर बाकी शून्य, पहिला अपलिंक. एक सम एक विषम, तर बाकी एक, दुसरा अपलिंक. काउंटरची विनंती सर्व्हरपर्यंत नीट पोचत होती. सर्व्हर उत्तरही देत होता. जोडी मिसळलेली असली की ते उत्तर दुसऱ्या दाराने बाहेर पडायचं आणि तिथेच नाहीसं व्हायचं.

आयपी हॅश तिथे कोणी आणि का लावला होता? माझ्या आधी तिथे काम केलेल्या गृहस्थांनी, आठ वर्षांपूर्वी, आणि पूर्ण विचार करून. तेव्हा १ गिगाबिट पुरत नव्हता. त्यांनी दोन केबली एकाच स्विचमध्ये नेल्या, स्विचच्या बाजूला त्या दोन पोर्टांची एक मोळी बांधली, आणि होस्टच्या बाजूला तिला साजेसा आयपी हॅश निवडला. या पद्धतीची अटच ती आहे. पलीकडे मोळी असेल तरच अलीकडे आयपी हॅश. ते गेले, त्यांची मोळी राहिली. नव्या स्विचच्या कागदावर फक्त ‘दोन ट्रंक पोर्ट’, म्हणजे अनेक व्हीलॅन एकाच केबलवरून नेणारी पोर्टं, एवढंच लिहिलेलं होतं. मुलाने दोन ट्रंक पोर्ट दिले. हॅशबद्दल त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण हॅशची नोंद माझ्या बाजूला होती आणि मोळीची नोंद त्याच्या बाजूच्या, आता बंद केलेल्या, स्विचमध्ये.

तरीही मोळी नसण्याने एवढं नुकसान झालं नसतं. मॅक उडत राहिला असता, कुरकुर झाली असती, पण पाकिटं पोचली असती. एक्स-रेचा सर्व्हर तसाच चालत होता. नोंदणी आणि लॅब ज्यात होते त्या व्हीलॅन २० च्या बाबतीत अजून काहीतरी होतं.

आधी मात्र माणसं. मी वर गेले आणि दोन्ही होस्टच्या दुसऱ्या स्विचमध्ये गेलेल्या केबली उपटल्या. हिरवे दिवे विझले. दोन दारांपैकी एक उरलं, तेव्हा हॅशला निवड उरली नाही, आणि सगळी वाहतूक पहिल्या अपलिंकवर आली. एका मिनिटात सिस्टरांचा फोन आला. “दोन्हीवर सगळं दिसतंय हो मॅडम.” दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. नुकत्याच लावलेल्या केबली काढल्यावर रुग्णालय सुरळीत झालं होतं.

मग मुलाला म्हटलं, “आता घाई नाही. दोन्ही स्विचवर ट्रंकवरून कोणते व्हीलॅन जाऊ दिलेत ते मला वाचून दाखव. अंदाजाने नको, समोर दिसतंय ते.”

“पहिला स्विच. दहा, वीस, तीस, चाळीस.” मग थोडा वेळ काहीच आवाज नाही. “दुसरा स्विच. चाळीस.”

यावर दोघंही काही बोललो नाही.

या स्विचच्या भाषेत ट्रंकला व्हीलॅनची यादी द्यायची एक ओळ असते. त्या ओळीत ‘अ‍ॅड’ हा एक शब्द घातला तर नवा क्रमांक जुन्या यादीत मिळतो. तो शब्द राहिला तर नवी यादी जुनीची जागा घेते. यंत्र विचारत नाही, इशारा देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने आज्ञा बिनचूक आहे. मुलाने दोन्ही स्विचवर आधी दहा, वीस, तीस लिहिले होते. मग एक्स-रेसाठी चाळीस वाढवायला सांगितलं गेलं. पहिल्यावर त्याने ‘अ‍ॅड’ लिहिलं, दुसऱ्यावर राहिलं. हा शब्द माझ्या ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येक नेटवर्कवाल्याने आयुष्यात एकदा तरी गाळलेला आहे. काहींनी तो दूरच्या गावातल्या स्विचवर गाळला आणि मग रात्रीच्या एसटीने तिथे पोचले.

“मॅडम, माझी चूक आहे,” तो म्हणाला. मी म्हटलं, शब्द तुझा राहिला, आणि हॅश मी तुला सांगितला नाही. यातली एकच गोष्ट घडली असती तर सिस्टरांनी काहीतरी वेगळंच सांगितलं असतं. नुसता शब्द राहिला असता तर काही सर्व्हर सगळ्यांनाच दिसेनासे झाले असते आणि दहा मिनिटांत सापडलं असतं. दोन्ही जुळून आलं म्हणून सम-विषमाचा हा घोळ झाला.

पहाटे घरी निघाले तेव्हा गाडीत मला सारखा बांध आठवत होता. बार्शी तालुक्यातलं वडिलांचं शेत ज्वारीचं. शेजारी तात्यांचं शेत, आणि मध्ये बांध. बांध दोघांचा असतो, म्हणून तो कोणाचाच नसतो. दरवर्षी नांगराचा फाळ जरा जरा बांधाला लागतो, कोणी मुद्दाम करत नाही, आणि दहा वर्षांत बांध वीत-दीड वीत सरकलेला असतो. आमच्याकडे आणि तात्यांकडे एक रिवाज होता. रब्बीच्या पेरणीआधी एका सकाळी दोघं मिळून बांधावरून चालायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वडील आपल्या बाजूचं बोलायचे, तात्या आपल्या. दगड हललेला दिसला की दोघं मिळून बसवायचे. मी लहान असताना मागून चालायचे आणि मला ते काम वाटायचंच नाही, फिरायला गेल्यासारखं वाटायचं. पुढे तात्यांच्या मुलाने शहरात नोकरी धरली, शेत वाट्याने गेलं, ते चालणं बंद झालं, आणि मग मोजणीचे अर्ज आले.

अपलिंक हा तसा बांध आहे. सर्व्हरवाले म्हणतात, पोर्टपलीकडचं नेटवर्कचं. नेटवर्कवाले म्हणतात, केबलपलीकडचं सर्व्हरचं. व्हीलॅनचा क्रमांक दोन्हीकडे लिहावा लागतो, मोळी दोन्हीकडे बांधावी लागते, पाकिटाचा कमाल आकार दोन्हीकडे जुळवावा लागतो. यातली एकही गोष्ट एका बाजूला पूर्ण नसते. तरी आमच्या धंद्यात दोन्ही बाजू एका पडद्यावर दाखवणारी नोंद क्वचितच ठेवली जाते. प्रत्येकजण आपल्या शेताचा उतारा सांभाळतो.

सोमवारी मी दोन्ही होस्टवर आयपी हॅश काढून मूळ पोर्टची पद्धत लावली, कारण दोन वेगळ्या, मोळीत न बांधलेल्या स्विचना तीच शोभते. मुलाने दुसऱ्या स्विचची यादी पूर्ण केली. मग केबली परत लावल्या, आणि या वेळी तपासायला एक सम, एक विषम असे दोन लॅपटॉप घेतले. पहिली केबल उपटून पाहिली, दुसरी उपटून पाहिली. काउंटरवर सिस्टर स्वतः बसल्या आणि प्रत्येक वेळी काय दिसतं ते सांगत राहिल्या. त्यांना त्यात रस होता. त्यांनी विचारलं, “म्हणजे माझा नंबर ११४ आहे म्हणून झालं का तसं?” मी त्यांना केसपेपरच्या मागचा तक्ता समजावला. त्यांनी तो मागून घेतला.

आता तिथे तिसरा होस्ट आला आहे. गेल्या महिन्यात तो लावायला गेले तेव्हा फोनवर तोच मुलगा होता, आवाज आता बराच भारदस्त झालेला. केबल खोचायच्या आधी मी माझा पडदा उघडला, त्याने त्याचा.

“पहिला स्विच, पोर्ट सात,” तो म्हणाला. “मोळी नाही. दहा, वीस, तीस, चाळीस.”

“माझ्याकडे हॅश नाही. दहा, वीस, तीस, चाळीस.”

“दुसरा स्विच, पोर्ट सात.”